आधी धागा शोधा

माझे अब्बा मालेगावात यंत्रमागावर काम करत. पुढे ते जॉबर झाले. जॉबर म्हणजे अडलेला माग दुरुस्त करणारा कारागीर. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन कारखान्यात जात असे. तिथे इतका खडखडाट असे की शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीही खुणांनीच बोलावे लागे.

एखादा माग अडला की नवखा कामगार गडबडून जाई. तो इकडचा स्क्रू पिळी, तिकडचा पट्टा ताणी, मधेच एखादा ठोकाही मारी. अब्बा मात्र आधी माग बंद करत. मग दोन मिनिटे नुसते पाहत उभे राहत. शेवटी फणीजवळून एक बारीक धागा बोटाने उचलत आणि म्हणत, "माग ठीक आहे. धागा इथे तुटलाय."

एकदा मी त्यांना विचारले, "अब्बा, तुम्ही लगेच हात का लावत नाही?"

ते हसून म्हणाले, "बेटी, पाच ठिकाणी हात लावला, तर एका बिघाडाचे पाच बिघाड होतात. आधी धागा शोधायचा. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

पुढे मी शिकले, बी.एड. झाले आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवू लागले. अब्बांचे ते वाक्य मी जवळजवळ विसरून गेले होते. ते मला पुन्हा आठवले, ते माझ्या जुन्या लॅपटॉपमुळे.

हा लॅपटॉप मी २०१७ साली घेतला. त्यात विंडोज १० होते. विद्यार्थी मित्रांनो, संगणकाचे सुटे भाग म्हणजे नुसते शरीर. त्या भागांकडून काम करून घेणारी जी मूळ व्यवस्था असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज ही अशीच एक कार्यप्रणाली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० साठी मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-सुधारणा थांबल्या. त्यापुढच्या विंडोज ११ साठी जो प्रोसेसर लागतो, तो माझ्या यंत्रात नव्हता. शिवाय यंत्र फार मंद झाले होते. सुरू करून चहा ठेवावा, तो पिऊन कप धुवावा, तेव्हा कुठे ते कामाला तयार होई.

नवा लॅपटॉप घेणे परवडणारे नव्हते. मग मी लिनक्सविषयी वाचले. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. आपले काम त्याने सर्वांसाठी खुले केले. जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. तुमच्या घरातील अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच गाभा असतो. त्याच गाभ्यावर बांधलेली 'लिनक्स मिंट' ही कार्यप्रणाली विनामूल्य मिळते आणि तिची हलकी आवृत्ती माझ्यासारख्या चार जीबी स्मृतीच्या जुन्या यंत्रावरही चालते.

पण विंडोज काढूनही टाकता येत नव्हते. आमच्या शाळेच्या उर्दू प्रश्नपत्रिका मी 'इनपेज'मध्ये तयार करते. उर्दू नस्तालिक लिपीत मजकूर जुळवण्याचे हे सॉफ्टवेअर १९९४ साली विंडोजसाठीच तयार झाले. आठ वर्षांच्या प्रश्नपत्रिका माझ्या लॅपटॉपमध्ये इनपेजच्या फायलींतच होत्या. म्हणून मी ठरवले की एकाच यंत्रात दोन्ही ठेवायचे. इनपेजपुरते विंडोज, तेही इंटरनेट न जोडता. आणि बाकी सगळ्या कामांना लिनक्स.

सहामाही परीक्षेनंतरची सुट्टी लागली. शुक्रवार होता. माग बंद असल्यामुळे गल्ली शांत होती. माझ्या बहिणीची मुलगी आमच्याकडे राहायला आली होती. ती नववीत शिकते. मी तिला म्हणाले, "चल, आज आपण लॅपटॉपला नवे आयुष्य देऊ." उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत झाली होती.

फोनच्या इंटरनेटवरून सुमारे तीन जीबीची फाईल उतरवून घ्यायला दुपार गेली. ती मी आठ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये नेहमीसारखी कॉपी केली. लॅपटॉप बंद केला, पेन ड्राइव्ह लावला आणि पुन्हा सुरू केला. समोर तेच जुने विंडोज आले. मी तीन वेळा तसेच केले. तिन्ही वेळा विंडोजच आले.

मी म्हणाले, "पेन ड्राइव्ह खराब दिसतोय."

भाची म्हणाली, "खाला, तुम्ही सूचना वाचल्या का?"

मी वाचल्या नव्हत्या. वाचल्यावर चूक कळली. ती फाईल म्हणजे एका संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत असते. ती नुसती कॉपी करून चालत नाही. एका लहानशा प्रोग्रॅमच्या साहाय्याने ती पेन ड्राइव्हवर उलगडून लिहावी लागते, तरच संगणक तिच्यावरून सुरू होऊ शकतो. बियाण्याची पुडी कुंडीवर नुसती ठेवली, तर रोप उगवत नाही; बी मातीत पेरावे लागते. तसेच हे. पेन ड्राइव्हमधला जुना मजकूर या कामात पुसला जातो, हेही तिथे लिहिले होते. सुदैवाने त्यात काही महत्त्वाचे नव्हते.

या वेळी फाईल नीट लिहिली. लॅपटॉप सुरू होताना एक ठरावीक कळ दाबली की कशावरून सुरू व्हायचे, ते विचारणारी यादी येते. प्रत्येक कंपनीच्या यंत्रात ही कळ वेगळी असते. यादीतून पेन ड्राइव्ह निवडला आणि पडद्यावर लिनक्स मिंट आले. हे अजून पेन ड्राइव्हवरूनच चालत होते; लॅपटॉपच्या डिस्कला त्याने हात लावला नव्हता. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या.

रात्रीचे अकरा वाजले होते. अम्मी दोनदा "झोपा आता" असे सांगून गेली होती. मी 'मिंट बसवा' या चित्रावर क्लिक केले. चार-पाच प्रश्नांनंतर पडद्यावर विचारले गेले, मिंट कुठे बसवायचे? 'विंडोजच्या शेजारी बसवा' असा पर्याय तिथे असायला हवा होता. तो नव्हता. दोनच पर्याय होते. पहिला, 'डिस्क पुसून मिंट बसवा'. दुसरा, 'आणखी काही'.

मी दमले होते. मला वाटले, डिस्क पुसून म्हणजे रिकामी जागा साफ करून, असे असेल. पहिल्या पर्यायावर खूण आधीपासूनच होती. मी बोट पुढच्या बटणाकडे नेले.

भाची म्हणाली, "खाला, नानांचा आवाज याच डिस्कमध्ये आहे ना?"

माझे बोट थांबले.

अब्बा २०२० साली गेले. त्याआधीच्या हिवाळ्यात मी त्यांना बोलते केले होते. त्यांचे बालपण, मागावरची पहिली पगाराची रक्कम, त्यांच्या वस्तादांचे किस्से, असे सगळे फोनवर ध्वनिमुद्रित केले होते. अकरा फायली होत्या. तो फोन पुढे बंद पडला. आता त्या अकरा फायली जगात एकाच जागी होत्या, माझ्यासमोरच्या या डिस्कमध्ये. आणि त्यांची दुसरी प्रत मी काढून ठेवली नव्हती.

'डिस्क पुसून' म्हणजे रिकामी जागा नव्हे. त्याचा अर्थ विंडोज, प्रश्नपत्रिका, अब्बांचा आवाज, सगळे काही. एका क्लिकचेच अंतर उरले होते.

मी काही न करता बाहेर पडण्याचा पर्याय निवडला आणि लॅपटॉप बंद केला. हाताला घाम आला होता. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. अंधारात अब्बा दिसत होते. माग बंद करून, हात मागे बांधून, नुसते पाहत उभे असलेले.

वर्गात मी मुलांना दरवर्षी शिकवते की आधी निरीक्षण, मग अनुमान, मग प्रयोग, शेवटी निष्कर्ष. आणि स्वतः मात्र मी त्या नवख्या कामगारासारखी इकडचा स्क्रू पिळत होते आणि तिकडचा पट्टा ताणत होते.

सकाळी मी पहिले काम केले ते प्रती काढण्याचे. अब्बांच्या अकरा फायली आणि सर्व प्रश्नपत्रिका एका वेगळ्या पेन ड्राइव्हमध्ये घेतल्या. दुसरी प्रत बहिणीच्या संगणकात ठेवली. प्रत्येक फाईल उघडून पाहिली. अब्बांचा आवाज खोलीत घुमला, तेव्हा अम्मी स्वयंपाकघरातून येऊन दाराशी उभी राहिली. ती काही बोलली नाही. फाईल संपेपर्यंत तिथेच थांबली.

मग मी एक कोरी वही घेतली. पानावर तीन रकाने आखले. काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले. भाचीला मी लेखनिक नेमले. यापुढे वहीत लिहिल्याशिवाय एकही बदल करायचा नाही, असे आम्ही ठरवले.

पहिला प्रश्न लिहिला : 'शेजारी बसवा' हा पर्याय का दिसत नाही?

शोध घेतल्यावर त्याचे उत्तर मिळाले. आपण विंडोज 'बंद' करतो, तेव्हा ते नेहमीच पूर्ण बंद होत नाही. लवकर सुरू होता यावे म्हणून ते आपल्या स्थितीचा काही भाग डिस्कवर साठवून ठेवते. या सोयीला 'फास्ट स्टार्टअप' म्हणतात. सोय चांगली आहे. पण अशा वेळी डिस्क अर्धवट झोपेत असते. दुकानदाराने शटर ओढून घेतले, पण आत हिशेबाची वही उघडीच ठेवली, असे समजा. दुसऱ्याने आत जाऊन सामान हलवले, तर हिशेब बिघडणारच. म्हणून लिनक्स अशा डिस्कची वाटणी करायला तयार होत नाही. म्हणजे तो पर्याय नाहीसा झाला होता, तो माझ्या फायलींच्या रक्षणासाठी. आणि मी त्यालाच बिघाड समजत होते!

आम्ही विंडोजच्या वीज-सेटिंगमध्ये जाऊन ती सोय बंद केली. वहीत नोंद केली. डिस्कची तपासणी करून घेतली. नोंद केली. मग विंडोजमधूनच डिस्कची जागा थोडी आकसून घेतली. डिस्क ५०० जीबीची होती. त्यातून लिनक्ससाठी ८० जीबी मोकळी करायची होती. पण पडद्यावर आकडा एमबीमध्ये मागितला होता. भाचीने वहीच्या कोपऱ्यात गुणाकार केला. एक जीबी म्हणजे १०२४ एमबी. म्हणून ८० जीबी म्हणजे ८१,९२० एमबी. तो आकडा भरला.

लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरेपर्यंत आम्ही थांबलो. आमच्याकडे वीज कधी जाईल, याचा नेम नसतो आणि डिस्कवर लिहिण्याचे काम मधेच तुटले, तर मोठा घोटाळा होतो.

दुपारी पुन्हा पेन ड्राइव्हवरून सुरू केले. या वेळी यादीत सर्वांत वर लिहिले होते, 'विंडोजच्या शेजारी बसवा'. पुढे यंत्राने विचारले, कोणकोणते बदल डिस्कवर लिहायचे? भाचीने ती यादी मोठ्याने दोनदा वाचली. विंडोजच्या विभागाचे नाव त्यात नव्हते. फक्त नवा विभाग तयार होणार होता. मग मी बटण दाबले.

साधारण अर्ध्या तासाने काम पूर्ण झाल्याचा संदेश आला. पेन ड्राइव्ह काढला. लॅपटॉप पुन्हा सुरू केला. आम्ही श्वास रोखून बसलो.

विंडोज आले. थेट विंडोज! मिंटचा पत्ता नाही.

आदल्या दिवशीची मी असते, तर पुन्हा सगळे पहिल्यापासून सुरू केले असते. पण आता वही होती. 'काय झाले' या रकान्यात भाचीने लिहिले, 'मिंट बसल्याचा संदेश आला, पण सुरुवात विंडोजनेच झाली.' हे वाक्य वाचता वाचताच मला विचार सुचला. मिंट बसले नाही, असे कुठे सिद्ध झाले? त्याला बोलावणे गेले नाही, एवढेच सिद्ध झाले.

नव्या काळच्या संगणकांत सुरुवातीलाच एक क्रम ठरलेला असतो. आधी कोणाला उठवायचे, मग कोणाला. काही लॅपटॉप आपला जुना क्रम सहजासहजी सोडत नाहीत. आम्ही ती यादी उघडली. पहिल्या ओळीत विंडोज होते. मी 'मिंट' शोधू लागले. मिंट कुठेच नव्हते.

"खाला, इथे उबुंटू लिहिलंय," भाची म्हणाली. "आपण तर उबुंटू बसवलंच नाही. मग हे आलं कुठून?"

हीच खरी गाठ होती. लिनक्स मिंटची मुख्य आवृत्ती उबुंटू नावाच्या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर बांधलेली आहे. त्यामुळे सुरुवातीच्या यादीत ती 'उबुंटू' या नावानेच नोंदली जाते. आपल्याकडे नाही का, घरी सगळे 'मुन्ना' म्हणतात आणि हजेरीत नाव भलतेच असते! आम्ही उबुंटूला पहिल्या क्रमांकावर नेले. एवढी एकच गोष्ट बदलली. पुन्हा सुरू केले.

काळ्या पडद्यावर पांढरी यादी आली. सर्वांत वर लिनक्स मिंट, खाली विंडोज. दहा सेकंद थांबून ती विचारत होती, आज कोणाकडे जायचे? भाचीने वहीत मोठ्या अक्षरांत लिहिले : 'धागा सापडला.'

दोन्ही प्रणाली सुरू झाल्या. मिंट एका चहाच्या घोटात तयार होऊ लागले. इनपेजमधल्या प्रश्नपत्रिका विंडोजमध्ये जशाच्या तशा होत्या. आता सगळे झाले, असे आम्हांला वाटले. पण तीन दिवसांनी एक गंमत झाली.

संध्याकाळी मी मिंटमध्ये काम केले आणि मगरिबनंतर प्रश्नपत्रिकेसाठी विंडोज सुरू केले. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजले होते. लॅपटॉप मात्र दुपारचे अडीच दाखवत होता. मी वेळ दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झाले.

मी म्हणणार होते, "घड्याळाची बॅटरी गेली." पण आधी वही उघडली. दोन्ही दिवसांचा फरक काढला. दोन्ही दिवशी तो बरोबर साडेपाच तासांचा होता. बॅटरी गेली असती, तर घड्याळ वाटेल तसे चुकले असते. इतके नेमके चुकले नसते.

साडेपाच तास! भूगोलात आपण शिकतो, तेच हे साडेपाच तास. जागतिक प्रमाणवेळेपेक्षा भारतीय प्रमाणवेळ साडेपाच तासांनी पुढे आहे. लॅपटॉपच्या आत एक लहानसे घड्याळ असते. लिनक्स त्यात जागतिक वेळ लिहिते आणि आपल्याला दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवते. विंडोज मात्र त्या घड्याळातली वेळ ही स्थानिकच आहे, असे समजते. लिनक्सने अडीच लिहिले ते जागतिक वेळेचे. विंडोजने ते मालेगावचे अडीच समजून वाचले. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. फक्त कोणत्या रीतीने बोलायचे, हे दोघांत ठरलेले नव्हते. एका ओळीच्या आज्ञेने मी लिनक्सला सांगितले की, या घरात घड्याळ स्थानिक वेळेचेच ठेवायचे. मग विंडोजमधली वेळ एकदा बरोबर केली. त्या दिवसापासून दोन्हींकडे आठ वाजता आठच वाजतात.

त्या रात्री मी विचार करत बसले. आपल्या शाळेतही असेच नाही का? तुम्ही एका तासाला उर्दू वाचता, ती उजवीकडून डावीकडे जाते. पुढच्या तासाला मराठी वाचता, ती डावीकडून उजवीकडे जाते. दोन्ही भाषा एकाच डोक्यात राहतात. सुरुवातीला कुठेतरी अडते. एखादा शब्द चुकतो, एखादा अर्थ उलटा लागतो. म्हणून काही कोणी एक भाषा पुसून दुसरी बसवत नाही. नेमके कुठे अडले, ते शोधावे लागते. एवढा एक धागा जोडला की माग पुन्हा चालू लागतो.

तुमच्यापैकी कोणी आपल्या लॅपटॉपमध्ये असा प्रयोग करणार असेल, तर माझी वही त्याला जरूर दाखवीन. पण एक सांगते. आधी आपल्या फायलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा आणि त्या उघडतात का, ते पाहा. काही नव्या लॅपटॉपांची डिस्क कुलूपबंद असते. तिची अठ्ठेचाळीस अंकी किल्ली आधी लिहून घ्या. 'पुसा' हा शब्द दिसला की हात मागे घ्या आणि पूर्ण ओळ वाचा. रात्री दमलेल्या डोळ्यांनी असे काम करू नका.

भाची सुट्टी संपवून घरी गेली. जाताना तिने वहीच्या पुठ्ठ्यावर नाव घातले, 'नानांची पद्धत'. तिने अब्बांना मागावर काम करताना कधी पाहिले नव्हते. तरीही ते नाव तिला बरोबर सुचले.

अकरा फायली आता तीन ठिकाणी आहेत. त्यांतल्या सातव्या फायलीत अब्बा वस्तादांचा किस्सा सांगता सांगता मधेच थांबतात. मागे मागांचा आवाज येतो. मग ते म्हणतात, "थांब बेटी, कुठेतरी धागा तुटलाय. आवाज बदललाय." आणि ध्वनिमुद्रण तिथेच संपते.